बहात्तरावा हिस्सा

“एवढा घोडा झाला, तरी अजून खेळणीं जोडीत बसतो!” हा उद्गार आपल्या सुशिक्षित घरांतून किती सहज निघतो हें निराळें सांगावयास नको. मेजावर जुनें वर्तमानपत्र पसरलेलें आहे, त्यावर करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी, चिमटा, कानस आणि रंगाच्या बाटल्या मांडल्या आहेत, आणि कॉलेजांतील एखादा तरुण किंवा कचेरींतून परतलेला एखादा गृहस्थ लढाऊ जेट विमानाची वीतभर प्रतिकृति जुळविण्यांत गढून गेला आहे, असें दिसलें कीं वडील मंडळी हसतात आणि पाहुणे “छंद चांगला आहे हो” असें म्हणून विषय बदलतात. हसणाऱ्यांच्या बाजूला सरकारहि आहे. आयात-जकातीच्या कोष्टकांत 9503 क्रमांकाच्या सदरांत तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडीं आणि प्रमाणबद्ध प्रतिकृति हीं सर्व एकाच पंक्तीला बसविलीं आहेत. या सदरावरील मूळ जकात 2020 सालीं 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 सालीं 70 टक्क्यांवर नेण्यांत आली. घर म्हणतें खेळणें, कायदा म्हणतो खेळणें; मग वाद तो काय राहिला?

वाद राहिला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. लढाऊ विमानाची प्रतिकृति प्रमाणांत, पुराव्यानिशीं आणि बारकाव्यांसह करणें हा पोरखेळ नव्हे. ज्या यंत्रांचा आपण अभिमान मिरवितों, आणि ज्यांत आपलींच मुलें नेऊन बसवितों, तीं यंत्रें समजून घेण्याचा मध्यमवर्गाच्या घरांत शक्य असलेला हा एक अत्यंत प्रामाणिक मार्ग आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे. तो हसण्यावारी नेल्यानें एक छंद बुडतो एवढेंच नव्हे. न पाहतां आणि न मोजतां टाळ्या वाजविण्याची आपली जुनी खोड त्यामुळें अधिक पक्की होते.

आम्ही राहतों तें खारबाव हें भिवंडी तालुक्यांतील गांव. वसई-दिवा लोहमार्गावर त्याचें लहानसें स्टेशन आहे. आमच्या या तालुक्यांत जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज अनेक ठिकाणीं गोदामें उभीं आहेत, आणि देशोदेशींचा माल त्यांत उतरतो व तेथून गांवोगांव जातो. अशा मालांत एखादी मिग-21 विमानाच्या प्रतिकृतीची पेटी निघाली, तर ती कोठून आलेली असावी? या विमानाच्या एक-अठ्ठेचाळीसांश प्रमाणांतील नांवाजलेल्या पेट्या 2011 सालापासून चेक प्रजासत्ताकांतील एदुआर्द या कंपनीनें काढल्या आहेत. आणि खरें विमान कोठें तयार होत होतें? आमच्याच तालुक्यांतून मुंबई-आग्रा रस्ता जातो. त्या रस्त्यानें कसारा घाट चढून नाशिक ओलांडलें कीं ओझर लागतें. तेथें 1964 सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-21 साठींच उभारण्यांत आला, आणि या कंपनीनें देशांत हीं विमानें सहाशेंहून अधिक बांधलीं. ज्या विमानाचे सांधे नाशिककडील कामगारांनीं वर्षानुवर्षें जुळविले, त्याचा बारकाव्यांसह साचा करावा तो दूर बोहेमियांतील कारागिरांनीं, आणि आपण त्या पेटीवर बाहुल्यांची जकात बसवून मोकळें व्हावें, यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं काय?

आतां हें काम प्रत्यक्ष कसें असतें तें पाहूं. कारण हसणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं तें पाहिलेलेंच नसतें. एक-बहात्तरांश प्रमाण म्हणजे सहा फूट उंचीचा मनुष्य एक इंचाचा होणें. मिग-21 च्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, त्याला बहात्तरांनीं भागलें कीं दहा सेंटिमीटरांहून किंचित् कमी येतो. येथेंच पहिला धडा मिळतो. लांबी बहात्तर पटींनीं लहान झाली तर क्षेत्रफळ 5,184 पटींनीं आणि घनफळ 3,73,248 पटींनीं लहान होतें. हें गणित फळ्यावर शंभरदां लिहून जें मनांत उतरत नाहीं, तें पंख तळहातावर ठेवल्याबरोबर उतरतें.

पेटी उघडल्यावर हातीं येतें तें विमान नसतें. धडाचीं दोन अर्धुकें, पंखांचे वरचे व खालचे पत्रे, चाकें, क्षेपणास्त्रें आणि पारदर्शक छत असे सुटे भाग चौकटीला जडलेले असतात. ते कापून घेऊन कानशीनें त्यांच्या कडा घासाव्या लागतात. अर्धुकें चिकटविलीं कीं पाठीवर सांधा दिसतो. खऱ्या विमानाला तेथें सांधा नसतो. म्हणून त्यांत लांबी भरावयाची, ती वाळली कीं ओल्या पॉलिश कागदानें घासावयाची, अस्तराचा हात द्यावयाचा, आणि मग कळतें कीं सांधा अजून दिसतोच आहे! पुन्हां लांबी, पुन्हां घासणें. नाकांत शिसें भरण्याचें विसरलें तर कित्येक जेट विमानें तीन चाकांवर उभीं न राहतां शेपटीवर बसतात. तोल म्हणजे काय हें शिकविण्यास याहून चांगला मास्तर आम्हांस तरी माहीत नाहीं. शेवटीं रंग, आणि रंगावर पाण्यांत भिजवून सरकवावयाचीं वायुदलाचीं चिन्हें. तीं एकदां कोरडीं झालीं कीं हलत नाहींत. घाई करणाऱ्यास तेथल्या तेथें शिक्षा होते.

परंतु येथपर्यंतचें काम हातांचें झालें. बारकावे भरण्याचें काम डोक्याचें आहे, आणि आमचा सर्व भर त्यावर आहे. ‘मिग-21’ हें एका विमानाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. 1971 सालच्या युद्धांत आपल्या बाजूनें लढलेलीं हीं विमानें मुख्यतः एफएल जातीचीं. त्यांचें छत समोरच्या कांचेसह एकसंध असून त्याची बिजागरी पुढच्या अंगास असे. नंतरच्या जातींत समोरची कांच जागीं राहते आणि छत उजव्या बाजूस उघडतें. एफएल जातीच्या अंगांत स्वतःची तोफ नव्हती. ती पोटाखालीं निराळ्या कवचांत टांगावी लागे. आतां ज्याला 1971 चें विमान करावयाचें आहे त्यानें पेटींत आलेलें छत डोळे मिटून बसविलें, तर त्यानें विमान केलें नाहीं, अफवा केली! त्याला छायाचित्रें जमवावीं लागतात, भिंग घेऊन तीं तपासावीं लागतात, एका चित्रांतील पुराव्याला दुसऱ्या चित्राचा दुजोरा मिळतो कीं नाहीं तें पाहावें लागतें. इतिहासाच्या अभ्यासकाला आपण ज्या गुणांसाठीं मान देतों, तेच गुण येथें वीतभर वस्तूवर खर्ची पडतात. वस्तु लहान म्हणून गुण लहान होत नाहींत.

पहिला आक्षेप असा येतो कीं, हें सर्व खरें असलें तरी शेवटीं हा मुलांचाच खेळ. या आक्षेपाला इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. 1942 सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, अमेरिकेच्या नौदलानें आपल्या देशांतील शाळांकडून पांच लाख विमानांच्या प्रतिकृति मागविल्या, आणि त्या याच एक-बहात्तरांश प्रमाणांत. आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें क्षणार्धांत ओळखण्याचें शिक्षण सैनिकांना त्यांवरून द्यावयाचें होतें. शाळकरी मुलांनीं लाकडांतून कोरलेल्या त्या वस्तूंच्या अचूकपणावर माणसांचे प्राण अवलंबून होते. तेथें ‘चालेल, जवळपास आहे’ ही भाषा चालत नव्हती.

आपल्याकडे प्रतिकृतींची परंपरा नाहीं असेंहि कोणी म्हणूं नये. दर दिवाळीला अंगणाअंगणांत आणि इमारतींच्या कोपऱ्यांत मुलें मातीचे किल्ले करतात. आमच्या पाहण्यांत याहून गोड सार्वजनिक उद्योग दुसरा नाहीं. पण त्या किल्ल्याचा मावळा महाद्वारापेक्षां उंच असतो, आणि बालेकिल्ल्यावर बसलेले महाराज अख्ख्या बुरुजाएवढे असतात. सातव्या वर्षीं हें शोभतें. चौदाव्या वर्षीं त्याच मुलानें ‘रायगडाच्या दरवाजाची उंची किती?’ असें विचारावें, अशी अपेक्षा आपण कधीं केली आहे काय? उलट शाळेनें ‘प्रकल्प’ सांगितला कीं बाप दुकानांत जातो आणि थर्मोकोलचा तयार प्रकल्प विकत आणतो. मुलगा त्यावर नांव घालतो आणि शिक्षक त्यावर गुण देतात. तिघेहि जाणतात कीं मुलाच्या हाताला डिंकाचा थेंबहि लागलेला नाहीं, आणि तिघेहि समाधानी असतात. ज्या घरांत हा व्यवहार निर्वेधपणें चालतो, त्याच घरांत दोन महिने खपून एक पंख सरळ बसविणाऱ्या मुलाला ‘वेळ फुकट घालवितोस’ म्हणून ऐकावें लागतें. वेळ कोणाचा फुकट गेला, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. ते म्हणतात: विमान तरी कां? तेंहि लढाऊ कां? संहाराचें यंत्र कौतुकानें रंगवून दिवाणखान्यांत मांडणें ही युद्धाची पूजाच नव्हे काय? यावर आमचें उत्तर असें कीं, पूजा आणि परीक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. खंडेनवमीला शस्त्राला फूल वाहणारा मनुष्य त्याची धार तपासतोच असें नाहीं. आज युद्धाची पूजा पडद्यावर, मिरवणुकींत आणि भिंतीवरच्या चित्रांत अहोरात्र चालू आहे. तीस कोणाचाहि आक्षेप नाहीं, कारण तींत कोणाला कांहीं समजून घ्यावें लागत नाहीं. प्रतिकृति करणारा मात्र वैमानिकाच्या आसनापर्यंत पोंचतो. त्या अरुंद कोठडींत, उघड्या दंडांएवढ्या रुंदीच्या जागेंत, एक मनुष्य पट्ट्यांनीं जखडून बसत असे, हें त्याला स्वतः तें आसन चिमट्यानें बसवितांना कळतें. पूजेनें यंत्र मोठें होतें आणि मनुष्य दिसेनासा होतो. मोजमापानें यंत्र लहान होतें आणि मनुष्य दिसूं लागतो.

या मुद्द्याला आपल्या समाजांत फार कठोर असा आधार आहे. मिग-21 विमान भारतीय वायुदलांत 1963 सालीं आलें आणि 26 सप्टेंबर 2025 रोजीं चंदीगड येथें त्याला निरोप देण्यांत आला. या बासष्ट वर्षांत त्यानें पराक्रम केले, यांत शंका नाहीं. 14 डिसेंबर 1971 रोजीं ढाक्याच्या राजभवनावर झालेला हल्ला याच विमानांचा, आणि त्यानंतर दोनच दिवसांनीं तेथें शरणागती झाली. पण 2012 सालीं संरक्षणमंत्र्यांनीं राज्यसभेंत जो हिशेब दिला तोहि याच कुळाचा आहे: घेतलेल्या 872 मिग विमानांपैकीं 482 अपघातांत सांपडलीं होतीं, आणि त्यांत 171 वैमानिक प्राणास मुकले होते. 17 सप्टेंबर 2001 रोजीं राजस्थानांत सुरतगड येथें मिग-21 कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा तरुण वैमानिक गेला. दोष वैमानिकाचा, हा निष्कर्ष त्याची माता कविता गाडगीळ यांनीं मान्य केला नाहीं, आणि या विमानांच्या सुरक्षिततेविषयीं त्या वर्षानुवर्षें जाहीरपणें प्रश्न विचारीत राहिल्या. एका मराठी मध्यमवर्गीय घराला तें यंत्र समजून घेण्याची पाळी आली ती अशी, सर्वस्व गमावल्यावर.

अमुक अपघात अमुक कारणानें झाला हें वीतभर प्रतिकृतीवरून सांगतां येतें, असा वेडगळ दावा आम्ही करीत नाहीं. परंतु तो त्रिकोणी पंख हातांत घेऊन पाहा. खऱ्या विमानाच्या पंखांचें क्षेत्रफळ 23 चौरस मीटर, म्हणजे सुमारें अडीचशें चौरस फूट; चाळींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाएवढें! एवढ्याशा पंखावर सुमारें आठ टन वजन हवेंत तोलावयाचें. अर्थात् तें विमान फार हळू उडूंच शकत नाहीं, आणि जमिनीला टेकतांनाहि त्याचा वेग ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक राहतो. ध्वनीच्या दुप्पट वेगानें उंच चढावें म्हणून ज्याचे पंख इतके आखूड केले, तेंच विमान नवशिक्या वैमानिकाला उतरवितांना किती कठीण गेलें असेल, हें कोणत्याहि अहवालापेक्षां तो दहा सेंटिमीटरांचा तुकडा लवकर सांगतो. आपल्या हजारों घरांना हें आधीं माहीत असतें, तर प्रश्न विचारण्याचें ओझें एका मातेच्या शिरावर इतकीं वर्षें पडलें नसतें.

आतां ज्यांची बाजू आम्ही घेत आहों त्या छंदी मंडळींसहि दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. कारण त्यांनीं आपली बाजू पुष्कळ ठिकाणीं स्वतःच लंगडी केली आहे. पेट्यांवर पेट्या विकत घेऊन कपाटांत रचणें आणि त्यांच्या किंमतींच्या गोष्टी सांगणें हा व्यापार आहे, अभ्यास नव्हे. आम्लानें कोरलेले पितळी भाग, रेझिनचें आसन, हवेच्या दाबानें रंग फवारणारें यंत्र हीं सर्व साधनें चांगलीं. पण साधनें जमलीं म्हणजे विद्या आली असें नाहीं. दुसरा दोष अतिरेकाचा. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा अधिक खोल कोराव्या, त्यांत काळा रंग भरावा, आणि प्रत्येक विमान गिरणींतून काढल्यासारखें काजळलेलें दाखवावें, अशी एक टूम निघाली आहे. पाव मिलिमीटर रुंदीची रेषा एक-बहात्तरांश प्रमाणांत काढली, तर खऱ्या विमानावर ती अठरा मिलिमीटरांची फट होते. तींत अंगठा जाईल! असें विमान धांवपट्टीवरून उठेल तरी काय? डोळ्यांना गोड दिसतें म्हणून खोटें करणें हा त्याच दिवाळीच्या मावळ्याचा मोठेपणींचा अवतार आहे. आणि तो अधिक दोषार्ह आहे, कारण येथें करणाऱ्याच्या हातांत फूटपट्टी होती.

फूटपट्टी हातांत असून ती न लावण्याची ही खोड केवळ छंदी मंडळींची नाहीं. ती आपल्या सर्व विद्वान् समाजाची आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं 1895 सालीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. तळपदे यांनीं विमानासाठीं खटपट केली, याबद्दल त्यांना मान दिलाच पाहिजे. परंतु त्या उड्डाणाचा भरंवशाचा समकालीन पुरावा पुढें आलेला नाहीं. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा हवाला अशा चर्चांत वारंवार दिला जातो, तो बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं 1974 सालीं तपासला, आणि त्यांतील आकृतींप्रमाणें केलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, ग्रंथहि विसाव्या शतकांतलाच, असा निर्वाळा दिला. तरीहि 2015 सालीं मुंबईंत भरलेल्या विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, आणि श्रोत्यांत टाळ्या वाजविणारेहि होते. ज्यानें एकदां तरी आपल्या हातानें विमानाचा तोल साधण्यासाठीं नाकांत शिसें भरलें आहे, तो मनुष्य अशा सभेंत टाळी वाजविण्यापूर्वीं निदान एवढें तरी विचारील: पंख केवढा, वजन किती, तोल कोठें? हे तीन प्रश्न विचारणारा वर्ग निर्माण करणें हें, आमच्या मतें, शंभर व्याख्यानांपेक्षां मोठें काम आहे.

तें काम कसें व्हावें? यासाठीं परदेशी पेटीच पाहिजे असें मुळींच नाहीं. मारुत हें आपल्या देशांत विकसित झालेलें पहिलें लढाऊ जेट विमान. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या देखरेखीखालीं त्याची आंखणी झाली, 17 जून 1961 रोजीं तें प्रथम उडालें, आणि पुढें 1971 च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर तें लढलें. त्याचा एक नमुना मुंबईंत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत उभा आहे. सहलीला आलेलीं मुलें त्याच्यापुढें उभीं राहून छायाचित्र काढून घेतात आणि पुढें जातात. त्यांपैकीं दहा मुलांच्या हातीं मोजपट्टी व वही देऊन, अधिकाऱ्यांच्या परवानगीनें, त्याचीं मापें घेऊं द्यावीं. पंखांचा विस्तार नऊ मीटर भरेल. बहात्तरांनीं भागून साडेबारा सेंटिमीटर येतील. शाळेच्या सुतारकामाच्या तासाला मऊ लाकडाच्या ठोकळ्यांतून तें विमान कोरावें. 1942 सालीं अमेरिकेंतील मुलांना जें साधलें, तें ठाण्याच्या किंवा भिवंडीच्या मुलांना न साधण्यास कांहीं कारण नाहीं. सरकारनेंहि प्रमाणबद्ध प्रतिकृतींना बाहुल्यांच्या सदरांतून वेगळें काढून शिक्षणसाहित्याची वागणूक द्यावी. देशी खेळण्यांच्या धंद्याला संरक्षण देण्यास आमचा विरोध नाहीं, पण जी वस्तु येथें कोणी स्पर्धेंत बनवीतच नाहीं तिच्यावर भिंत बांधून कोणाचें संरक्षण होतें?

आणि घरच्या वडील मंडळींना एवढीच विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी मेजावर विमान जुळवीत बसली असतां ‘हें खेळणें केवढ्याला पडलें?’ हा प्रश्न त्यांनीं गिळावा, आणि त्याऐवजीं ‘हें विमान कोणत्या जातीचें, आणि तें तुला कशावरून कळलें?’ असें विचारावें. उत्तर आलें नाहीं, तर खुशाल हसावें. तेथें हसण्याचा अधिकार आहे. पण उत्तर आलें, पुरावा पुढें ठेवला गेला, आणि आपल्यालाच तो तपासतां येत नाहीं असें आढळलें, तर खुर्ची ओढून शेजारीं बसावें आणि शिकावें.